अंड्याची ऊब आणि तापाचे थर्मामीटर

घरी उबवणी यंत्र करायचे ठरले की माणूस आधी पेटी शोधायला निघतो. औषधाच्या दुकानात लशी येतात ती थर्माकोलची पेटी, मासळीबाजारातला बर्फाचा डबा, बंद पडलेल्या फ्रिजचे खोके, जुने लाकडी कपाट, काहीही चालते. मग बल्ब आणि होल्डर येतो, भंगारातल्या संगणकाचा छोटा पंखा येतो, पाण्यासाठी एखादी पसरट थाळी येते. सगळे जुळून आल्यावर खिशात काही उरले तर शे-दीडशे रुपयांचा एक तापमापक घेतला जातो आणि तो जे दाखवेल त्यावर विसंबून 21 दिवस काढले जातात. बाविसाव्या दिवशी तीस अंड्यांतून सहा पिल्ले निघाली की दोष पेटीला, विजेला नाहीतर कोंबड्याला दिला जातो. माझे म्हणणे असे की हा सगळा क्रमच उलटा आहे. पेटी जितकी स्वस्तात होईल तितकी करावी, मापात मात्र काटकसर करू नये. आधी माप हाती यावे, मग पेटी शोधावी.

पण त्याआधी एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. गावरान कोंबडी फुकट उबवते, मग यंत्र हवेच कशाला? परसात दोन-तीन कोंबड्या असतील आणि वर्षाकाठी वीस-पंचवीस पिल्ले पुरत असतील, तर यंत्राच्या नादी लागूच नये. टोपलीत वाळले गवत पसरून दहा-बारा अंड्यांवर खुडूक कोंबडी रवणाला बसवली, की ऊब, ओलावा, अंडी फिरवणे ही सगळी कामे ती जितकी चोख करते तितकी कोणतीही पेटी करत नाही. हिशेब बदलतो तो संख्येने. गावरान कोंबडी एका खेपेला साधारण 12 ते 15 अंडी घालते आणि खुडूक होते. मग 21 दिवस उबवण्यात जातात, पुढचे दीड-दोन महिने पिल्लांमागे जातात, आणि तेवढा काळ अंडी बंद. वर्षात अशा तीन-चार खेपा झाल्या की वर्ष संपते. खुडूकपणा हा प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा परिणाम असतो. खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळणे, तिची जागा बदलणे असे उपाय घरोघरी होतात ते तिने लवकर पुन्हा अंड्यावर यावे म्हणूनच. दुसऱ्या बाजूला बंगळूरची गिरीराज किंवा हैदराबादची वनराज यांसारख्या सुधारित जाती अंडी पुष्कळ देतात, पण सहसा रवणाला बसत नाहीत; व्हाइट लेगहॉर्नमधून तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने खुडूकपणा जवळपास नाहीसाच करण्यात आला आहे. म्हणजे ज्या घरात अंडी जास्त, त्या घरात उबवणारी कोंबडी नाही. त्यात विक्रीचा हंगाम असतो. आखाडात गावरान कोंबड्याला भाव येतो, आणि त्या वेळी चार-पाच महिन्यांचे पक्षी हाताशी हवे असतील तर फेब्रुवारीच्या सुमारास पन्नासएक पिल्ले एकाच वेळी निघायला हवीत. खुडूक होण्याची वेळ कोंबड्या आपल्या सोयीने ठरवत नाहीत. यंत्राची गरज इथे सुरू होते.

आता अंड्याला नेमके काय लागते ते पाहू. हवा खेळवणारा पंखा असेल तर 37.5 ते 37.8 अंश सेल्सिअस, पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजलेले 38.3 ते 38.9. हा पट्टा अर्ध्या अंशाच्या आसपासचा आहे. पण या पट्ट्याच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि घरगुती यंत्र करणाऱ्याने सगळ्यांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच. पेटी तीन-चार तास 35 अंशांवर राहिली तर गर्भाची वाढ मंदावते, पिल्ले थोडी उशिरा निघतात. तीच पेटी पाव तास 40.5 अंशांवर गेली तर गर्भाला गंभीर इजा होते. कोंबडी दाणापाण्यासाठी उठते तेव्हा अंडी गार होतात आणि गर्भ ते सोसतो. अंडी अंगाच्या उबेपेक्षा जास्त तापण्याची वेळ मात्र तिच्या अंगाखाली येत नाही. म्हणून गारव्याला सोसण्याची ताकद गर्भात आहे, तापाला नाही. घरोघरी भीती असते ती वीज जाण्याची. खरी भीती हवी ती बल्ब न विझण्याची.

पेटी स्वस्त असली तरी चालते, याचा सर्वांत जुना पुरावा इजिप्तमधला आहे. तिथे शेणखताच्या उबेत अंडी उबवतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. पुढे तिथेच मातीच्या विटांच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवली जाऊ लागली. थर्मामीटरचा शोध लागण्यापूर्वी शतकानुशतके ही कामे चालली. भट्टी सांभाळणारे कारागीर अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावत आणि त्या स्पर्शावरून जाळ कमी-जास्त करत. पापणीची कातडी अतिशय पातळ असते आणि अंड्याला हवी असलेली ऊब आपल्या शरीराच्या उबेहून जेमतेम अर्धा अंश वर असते, त्यामुळे फरक लगेच जाणवतो. मातीची भट्टी कोणीही बांधू शकला असता; पापणीची पारख मात्र बापाकडून मुलाकडे यायची आणि कुटुंबात जपली जायची. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न थर्मामीटर हाती घेऊन सोडवायचा प्रयत्न केला आणि 1749 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याची ऊबही शेणखताचीच होती, नवे होते ते माप. बांगलादेशात बदकाची अंडी भाताच्या तुसात उबवण्याची रीत आहे, तीही बांबू, तूस आणि कंदील यांवर चालते. या सगळ्यांत साधने गरीब आहेत आणि पारख श्रीमंत आहे. आपल्याकडे पापणीची पिढीजात पारख नाही. तिची जागा आपल्याला उपकरणाने भरून काढावी लागते, आणि खर्च तिथेच व्हायला हवा.

पेटीचा हिशेब मांडला तर ती किती साधी असू शकते ते दिसते. अर्धा मीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद आणि 35 सेंटिमीटर उंच अशी अडीच सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलची पेटी घेतली, तर तिचा सगळा पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर भरतो. खोलीत 25 अंश असतील तर आत साडेसदतीस राखण्यासाठी भिंतींतून जाणारी उष्णता 17–18 वॅटच्या आसपास येते. हवेच्या भोकांतून जाते ती धरली तरी 25 वॅट पुरतात. थंडीत खोली 12 अंशांवर उतरली तर हीच गरज दुपटीच्या घरात जाते. म्हणून 100 वॅटचा एक बल्ब लावणे चूक आहे. तो क्षणात तापतो, विझल्यावरही त्याची काच ऊब सोडत राहते आणि तापमान वर उसळी घेते. 25 वॅटचे दोन पिवळे बल्ब समांतर जोडावेत. एक उडाला तरी दुसरा पेटी पुरती गार पडू देत नाही. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, त्याच्यातून लागते तेवढी ऊब निघत नाही. बल्ब थर्माकोलपासून वीतभर दूर, चिनीमातीच्या होल्डरमध्ये आणि पत्र्याच्या आडोशाने बसवावा, कारण थर्माकोल उष्णतेने आक्रसतो आणि पेटही घेतो. आत पाणी आहे आणि 230 व्होल्टची वायरही आहे, तेव्हा अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा स्विच या दोन गोष्टी खर्चाच्या यादीत सर्वांत वर लिहाव्यात. विजेचे बिल म्हणाल तर सरासरी 25 वॅटने 21 दिवसांचे बारा-तेरा युनिट होतात.

ही पेटी चालवायला बहुतेक जण डब्ल्यू 1209 नावाचा छोटा थर्मोस्टॅट घेतात. दोनशेच्या आसपास रुपयांना मिळणारा हा तुकडा खरोखर उपयोगी आहे, पण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकण्यासारखा नाही. कारखान्यातून येताना त्यात चालू-बंद होण्यातला फरक 2 अंशांचा ठेवलेला असतो. तसाच वापरला तर अंडी दिवसभर साडेसदतीस आणि साडेपस्तीस यांच्या मध्ये हेलकावत राहतात. तो फरक तीन-चार दशांशावर आणावा लागतो. दुसरे म्हणजे त्याच्या वायरच्या टोकाचा सेन्सर अंशभर चुकीचा असू शकतो. ती चूक दुरुस्त करण्याची सोय त्यातच आहे, पण दुरुस्ती करायला खरे तापमान ठाऊक असावे लागते. आणि ते सांगणारे विश्वासू उपकरण बहुतेक घरांत आधीच असते: तापाचे थर्मामीटर. ते 35 ते 42 अंशांच्या नेमक्या पट्ट्यात दशांशापर्यंत अचूक मोजण्यासाठीच बनवलेले असते, आणि अंड्याची गरज त्याच पट्ट्याच्या मधोमध आहे. पेलाभर कोमट पाण्यात थर्मोस्टॅटचा सेन्सर आणि तापाचे थर्मामीटर शेजारी-शेजारी बुडवावे, पाणी ढवळत राहावे, दोन आकड्यांतला फरक वहीत लिहावा. दहा मिनिटांचे आणि शून्य रुपयांचे हे काम आहे, आणि त्यावर साऱ्या अंड्यांचे भवितव्य अवलंबून आहे. सेन्सर कुठे ठेवायचा हेही तितकेच महत्त्वाचे. पेटीच्या झाकणाशी आणि तळाशी दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून तो अंड्यांच्या उंचीवर, बल्बच्या थेट झोतापासून दूर हवा. शेजारी पाण्याने भरलेली एक लहान बंद बाटली ठेवून तिच्यात दुसरा तापमापक सोडला तर हवेचे क्षणिक चढउतार बाजूला पडतात आणि अंड्याच्या आत काय चालले असेल त्याचा अंदाज येतो.

अंडी ठेवण्याआधी रिकामी पेटी दोन दिवस चालवून पाहिलीच पाहिजे. दुपार, मध्यरात्र आणि पहाट तिन्ही वेळांचे आकडे जुळले तरच अंडी आत जावीत. एवढा संयम फार थोडे जण ठेवतात. अंडी जमवलेली असतात आणि दिवस जात असतात, हे खरे. सात दिवसांहून जुन्या अंड्यांची उबवणक्षमता घटत जाते, हेही खरे. म्हणूनच पेटी आधी तयार करावी आणि अंडी नंतर जमवायला घ्यावीत.

आर्द्रतेबद्दल तर जागोजागी एकच सल्ला दिला जातो: थाळीत पाणी भरून ठेवा. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात हा एक सल्ला सगळीकडे लागू पडू शकत नाही, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि किती घटते ते बाहेरच्या हवेवर ठरते. कोकणात जुलैमध्ये 27 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असलेली हवा पेटीत शिरून साडेसदतीस अंशांवर गेली की तिची आर्द्रता सुमारे 47 टक्क्यांवर येते. पहिले 18 दिवस 50 टक्क्यांच्या आसपास हवी असते, म्हणजे तिथे थाळीत घोटभर पाणीही पुरते, काही दिवस तर तेही नको. उलट मराठवाड्यात जानेवारीच्या पहाटे 12 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेची हवा पेटीत तापली की तेरा टक्क्यांपर्यंत कोरडी होते. तिथे मोठी थाळी हवी. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असते. विदर्भाच्या मे महिन्यात प्रश्नच वेगळा होतो. पत्र्याच्या शेडमधली हवा दुपारी पेटीपेक्षा गरम असते आणि बल्बच्या पेटीला गार करता येत नाही. तिथे उन्हाळ्यात खेप लावायचीच असेल तर जाड मातीच्या भिंतींची किंवा कूलरची खोली हवी, नाहीतर खेप लावू नये, असेच मी म्हणेन.

स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्के सहज चुकतो. त्याला तपासायला मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात ओले मीठ घ्यावे, ते आणि आर्द्रतामापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा 75 असला पाहिजे. पण याहूनही भरवशाचे साक्षीदार अंडे स्वतःच आहे. त्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी उडत राहते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन 11 ते 13 टक्क्यांनी घटायला हवे, म्हणजे रुंद टोकाची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास तिथे घेता येतो. 45 ग्रॅमची वीस अंडी म्हणजे 900 ग्रॅम. दिवसाला सरासरी 6 ग्रॅम घटले तर अठरा दिवसांत 108 ग्रॅम, बरोबर 12 टक्के. किराणा मोजायच्या डिजिटल काट्यावर ट्रे चार-पाच दिवसांनी ठेवला की आर्द्रता जास्त झाली की कमी, हे कळते आणि वेळेत सुधारता येते. शेवटच्या तीन दिवसांत मात्र 65 ते 70 टक्के हवी, कारण कवचाखालचा पापुद्रा वाळला तर पिल्लू त्यात आवळले जाते.

भारनियमनाचा आक्षेप सर्वांत जोरात घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण आधी सांगितलेले आकडे पाहिले तर त्याचे वजन कमी होते. वीज दोन-तीन तास गेली तर झाकण न उघडणे आणि वर घोंगडी टाकणे एवढ्यानेच बहुतेक वेळा भागते. गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवल्या तर आणखी काही तास निघतात. उबवणीच्या उत्तरार्धात तर गर्भ स्वतःच ऊब निर्माण करतात. तेव्हा हवेची भोके मात्र बंद करू नयेत, त्यांना प्राणवायू जास्त लागतो. खरा घात होतो तो थर्मोस्टॅटच्या रिलेचे संपर्क वारंवार चालू-बंद होऊन एकमेकांना चिकटतात तेव्हा. बल्ब विझतच नाही आणि सकाळपर्यंत पेटीतली सगळी अंडी मेलेली असतात. यावर उपाय दुसऱ्या थर्मोस्टॅटचा आहे. पहिल्याच्या ओळीत तो जोडून 38.8 अंशांवर वीज तोडेल असा लावावा. इन्व्हर्टरवर काही हजार रुपये घालण्याआधी हे दोनशे रुपये घालावेत. मर्यादित पैशांत कुठल्या धोक्याला आधी तोंड द्यायचे हे ठरवावेच लागते, आणि इथे उत्तर स्पष्ट आहे.

मग बाजारातले तयार यंत्र का घेऊ नये, किंवा सरळ एक दिवसाची पिल्लेच का आणू नयेत, असेही विचारले जाते. तयार यंत्र घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या पडद्यावरचा आकडाही तापाच्या थर्मामीटरने तपासावाच लागतो; माप विकत घेतल्याने खरे होत नाही. पिल्लांचे म्हणाल तर पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, आणि सुधारित जातींसाठी तिथून पिल्ले आणणेच शहाणपणाचे. गिरीराजसारख्या संकरित पक्ष्याची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत. घरगुती यंत्राचा खरा उपयोग आहे तो आपल्याच गावच्या, आपल्याच हवेत टिकलेल्या गावरान कोंबडीसाठी. ती कोणत्याही हॅचरीच्या यादीत सापडत नाही. तिची निवड गावातल्याच माणसाने करायची असते: जास्त अंडी देणारी कोणती, आजारातून तगलेली कोणती, आणि पाच नात्यातल्या कोंबड्यांवर एकच कोंबडा वर्षानुवर्षे सोडला जात नाही ना.

बाकीचा भाग सोपा आहे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या कळपाचीच अंडी घ्यावीत. दुकानातल्या लेअर फार्मच्या अंड्यांत गर्भ नसतो. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत, म्हणजे गर्भ पापुद्र्याला चिकटत नाही. सातव्या दिवशी अंधारात उजेडावर धरून रिकामी अंडी काढावीत, अठराव्या दिवशी फिरवणे थांबवावे आणि मग झाकण उघडू नये. पिल्ले निघण्याची वेळ हेही एक मापच आहे. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच घाईने निघाली तर पेटी गरम चालली होती, बावीस-तेविसावर गेली तर गार. म्हणून पहिल्या खेपेला तीस अंड्यांतून अठरा निघाली तरी खेप वाया गेली असे समजू नये. न फुटलेली अंडी फोडून आत पिल्लू कोणत्या टप्प्यावर थांबले ते पाहावे आणि वहीत लिहावे. दुसऱ्या खेपेचा थर्मोस्टॅट त्या नोंदीवरून लावता येतो.

पिल्लू बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन दिवस निभावू शकते, तेव्हा घाईने दाणा द्यायचे कारण नाही. अंग वाळून पिसे फुलेपर्यंत ती पेटीतच राहू द्यावीत. त्यानंतर मात्र पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब लागते आणि ती दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी उतरवत न्यावी लागते. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्यावी लागते. ती चुकली तर यंत्राने दिलेले सगळे एका साथीत जाते. या पुढच्या कामासाठी खुडूक कोंबडी पुन्हा उपयोगी पडते. एखादी कोंबडी त्याच दिवसांत रवणाला बसलेली असेल तर यंत्रातली पिल्ले एक दिवसाची असतानाच, काळोख पडल्यावर, एकेक करून तिच्या पंखांखाली सरकवावीत. अंधारात ती त्यांना झिडकारत नाही. उजाडेपर्यंत पिल्लांचा आवाज तिच्या ओळखीचा झालेला असतो आणि सकाळी ती क्लक-क्लक करत सगळ्यांना उकिरड्याकडे घेऊन निघते.